उपाशी वाटसरूची नोंद

कुंभकोणमच्या पश्चिमेला, स्वामीमलईच्या शेजारी, तिरुवलंचुळी हे लहानसं गाव आहे. तिथल्या कपर्दीश्वराच्या देवळातला श्वेतविनायक समुद्राच्या फेसातून घडला अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही. पहिल्या राजराज चोळाची राणी दंतिशक्ती विटंकी ऊर्फ लोकमहादेवी हिने इथे क्षेत्रपालाचं देऊळ उभारलं आणि तिची दानं शिलालेखांत नोंदली गेली. अप्पर आणि संबंदर या शैव संतकवींनी कपर्दीश्वराची पदं गायिली. तरीही बाहेरून येणारा प्रवासी बहुधा मुरुगनच्या सहा स्थानांपैकी एक असलेल्या स्वामीमलईला जातो, नाहीतर 2004 पासून जागतिक वारसा असलेलं दारासुरम गाठतो. सहल आखून देणाऱ्या आजच्या प्रणाली नावाजलेल्या आणि दुर्लक्षित ठिकाणांमधली ही दरी वाढवतात, कारण त्या आधीच्या भेटी, आरक्षणं आणि अभिप्राय यांवर शिकतात. जिथे नोंदी भरपूर असतात तेच ठिकाण त्या पुढे करतात आणि तिथेच आणखी नोंदी साठत जातात. आदरातिथ्यात डेटा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली याची मला चिंता नाही. ही मोजणी कोणाला शोधते, हा माझा प्रश्न आहे, आणि तो विचारायला तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो.

भोसल्यांच्या या राज्यात रामेश्वराच्या वाटेवर राजघराण्याने छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी अन्न-निवाऱ्याची ठिकाणं, बांधली होती. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. छत्रांचा खर्च त्यांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले आणि त्यांचे हिशेब मोडी लिपीत ठेवले जात. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तेव्हा ही छत्रं तरी आपल्या हाती राहावीत म्हणून दुसऱ्या सरफोजीराजांनी 1801 मध्ये कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिलं. छत्रांची व्यवस्था त्यात तपशिलाने सांगितली आहे. प्रत्येक वाटसरूला शिजवलेला भात मिळे, आणि शिजलेलं न घेणाऱ्याला कोरडा शिधा. आजाऱ्यांसाठी वैद्य होते, मुलांसाठी शिक्षक होते, बाळंतिणीची आणि अनाथाची सोय होती. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं. या पुकाऱ्याला मी व्यवस्थापनाच्या इतिहासात मोठं स्थान देतो. जेवून गेलेल्यांचा हिशेब कोठीला कळतच होता, पण घंटा वाजे ती त्या हिशेबात न आलेल्यासाठी.

यावर पहिला आक्षेप असा, की छत्रांत जातीचे भेद होते, वेगळी पंगत आणि वेगळा शिधा होता, आणि त्यांचा पैसा अखेर कुळांच्या घामातून येई. हे खरं आहे, आणि ते झाकून छत्रांचा गौरव करणं अप्रामाणिक ठरेल. मात्र त्याच पत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्वांना अन्न मिळतं असा दावा आहे, म्हणजे कोणालाही वगळायचं नाही ही कसोटी त्या काळीही मान्य होती. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: हॉटेल म्हणजे अन्नछत्र नव्हे. तेही मान्य. अमेरिकेत 1978 मध्ये विमानसेवेवरची सरकारी बंधनं उठली, त्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सने मागणीचा अंदाज बांधून दर बदलण्याचं तंत्र विकसित केलं आणि मॅरियटसारख्या हॉटेलांनी ते उचललं. खोली रिकामी ठेवण्यापेक्षा स्वस्तात देणं ग्राहकाच्याही सोयीचं असतं. पण हे तंत्र फक्त पैसे देऊ शकणाऱ्याला ओळखतं. यात्रास्थळांचा कारभार त्याच्या हाती पूर्णपणे दिला, तर बसने उतरून देवळाच्या ओट्यावर रात्र काढणारी म्हातारी कुठल्याच आकड्यात येणार नाही.

खुद्द कुंभकोणमला अशी चूक परवडणारी नाही. 18 फेब्रुवारी 1992 रोजी इथल्या तलावातल्या महामहम या स्नानपर्वाला मुख्यमंत्री जयललिता आल्या असताना तलावाकाठी चेंगराचेंगरीत सुमारे 50 माणसं दगावली. गर्दी मोजणारे कॅमेरे असते तर हे टळलं असतं, असं कोणी म्हणेल. प्रयागराजच्या कुंभात 2025 मध्ये असे कॅमेरे होते. तरीही 29 जानेवारीला सरकारी आकड्यानुसार 30 जण मृत्युमुखी पडले. म्हणून यंत्र टाकून द्यावं असं नाही. पडद्यावरचा आकडा बघून रस्ता मोकळा करायला अधिकार असलेला माणूस जागेवर लागतो, आणि तो अधिकार आधीच ठरवून द्यावा लागतो. पुढचा महामहम 2028 मध्ये आहे. त्याच्या तयारीत तिरुवलंचुळीसारख्या आसपासच्या गावांत मुक्कामाची, पाण्याची आणि वैद्यकीय मदतीची सोय करून गर्दी आधीच विभागता येईल. त्यासाठी आरक्षण न करता येणाऱ्यांचा अंदाज हवा; तो बसस्थानकांवर, रेल्वेच्या साध्या डब्यांत आणि देवळांच्या प्रसादाच्या रांगांत घ्यावा लागेल, आणि ते काम आतापासूनच सुरू करायला हवं.