पडकई : एकट्याला न जमणारी शेती

स्वतःचं धान्य स्वतः पिकवायचं म्हणून जमीन शोधताय? मग आधी जुन्नर-आंबेगावची पडकई ऐका. भीमाशंकरच्या डोंगरउतारावर पाऊस धो धो, पण माती टिकत नाही. मग महादेव कोळी कुटुंबं एकत्र येऊन उतार खोदायची, दगडांचा बांध घालून भातखाचर करायची. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. डिंभे धरणात खालची सुपीक जमीन बुडाली, तेव्हा उतारावरची ही रीत आणखीच मोलाची ठरली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने पडकईला सरकारी रोजगार योजनेची जोड मिळावी म्हणून पाठपुरावा केला. २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर, जमिनीआधी शेजारी बघा. आणि आपण कुणाच्या बांधावर राबणार, तेही ठरवा.