अर्जातले तीन प्रश्न

गेली काही वर्षे गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन मांडवाच्या कडेला उभे राहिले, की एक विषय हमखास कानांवर पडतो. अमक्यांच्या नातवाने अमेरिकेतल्या आठ कॉलेजांत अर्ज केले. तमक्यांच्या मुलीला प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती नाही. तिसऱ्या कोणाचे सगळे जुळून आले आणि व्हिसाच्या खिडकीशी अडले. पूर्वी आपली मुले इथली पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जात. आता बारावीतच बॅग भरण्याची तयारी सुरू असते, आणि आई-वडील बिचारे न कळणाऱ्या कागदांच्या ढिगात बुडालेले असतात.

आम्ही त्या कागदांकडे जरा निरखून पाहिले. गुणपत्रके, शिक्षकांची पत्रे, निबंध, बँकेचे दाखले, दूतावासाचे फॉर्म असा पसारा मोठा दिसतो. पण त्यातून शेवटी तीनच गोष्टी विचारल्या जातात. तू का शिकणार? पैसे कोण देणार? आणि शिकून परत येणार का? हे प्रश्न आजचे नाहीत. मराठी माणसे गेली एकशे चाळीस वर्षे त्यांना उत्तरे देत आली आहेत. त्या इतिहासात आपल्या बडोद्याची दोन पाने आहेत. एक आपण अभिमानाने वाचून दाखवतो, दुसरे जरा घाईने उलटतो. या लेखात दोन्ही वाचायची आहेत.

पहिला प्रश्न : तू का शिकणार?

पुण्याचे केशव मल्हार भट 1882 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. आज ज्या संस्थेचे नाव घेताच पालकांचे डोळे चमकतात, तिथला हा पहिला भारतीय विद्यार्थी. पण अर्ज कसा असावा याचा धडा घ्यायचा, तर तो पुढच्याच वर्षी गेलेल्या आनंदीबाई जोशी यांच्याकडून.

त्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते, पण त्यांचा अर्ज फारसा ठाऊक नसतो. खरे तर पहिला अर्ज त्यांच्या यजमानांनी केला. 1878 साली टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी, पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय होईल का, असे विचारणारे पत्र कोल्हापुरात दीर्घकाळ राहून गेलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिले. उत्तराचा रोख होता, आधी धर्म बदला. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत असताना वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. ओळख ना पाळख, पण त्या पत्रातून मावशी-भाचीचे नाते जुळले आणि परक्या देशात राहायला घर मिळाले.

24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भरसभेत सांगितले की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र पाठवले.

वय अठरा. शाळेचा दाखला म्हणावा असा जवळजवळ नाही. कॉलेजच्या अटींत आपण पूर्णपणे बसत नाही याची जाणीव पत्रात आहे, पण रडगाणे नाही. आप्त आणि जातभाई यांच्या विरोधाला तोंड देऊन मी इथवर आले, तोच निश्चय मला पुढेही नेईल, असे त्या म्हणतात. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लागू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधपाणी मिळावे म्हणून मला शिकायचे आहे, असे कारण देतात. आणि शेवटी, स्वतःसाठी काही नको, या कामाला लायक होण्यापुरते जे लागेल ते कॉलेजच्या दाराशी मागते, असे लिहितात. कॉलेजने प्रवेश दिला. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या.

आजच्या अर्जातल्या साडेसहाशे शब्दांच्या निबंधाचा पाया दुसरा कोणता आहे? हल्ली हा निबंध पैसे देऊन लिहवून घेण्याची पद्धत पडू लागली आहे. आनंदीबाईंचे पत्र दुसऱ्या कोणाला लिहिता आले असते का, एवढाच विचार अशा पालकांनी करावा.

मात्र अमेरिकन विद्यापीठे मुलाच्या गुणांबरोबर मुलालाही तपासतात, यामागे केवळ उदात्त हेतू होता असे समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली मोठी विद्यापीठे मुख्यतः प्रवेशपरीक्षेवर मुले घेत. त्या परीक्षेत ज्यू कुटुंबांतली मुले मोठ्या संख्येने उत्तीर्ण होऊ लागली. 1922 साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्या संख्येला मर्यादा घालावी असे सुचवले. उघड मर्यादा नामंजूर झाली, पण 1926 पासून पहिल्या वर्गातल्या जागा मर्यादित करून 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्यात आले. म्हणजे ज्या दारातून आज आपल्या मुलांना 'तुझी गोष्ट सांग' असे प्रेमाने विचारतात, ते दार एकेकाळी काहींना बाहेर ठेवण्यासाठी बसवले होते. पहिली 'सॅट' परीक्षा झाली तीही 1926 मध्येच. त्याच वर्षी गोव्यातल्या कोसबेन इथे जन्मलेला अठरा वर्षांचा एक मराठी मुलगा हार्वर्डच्या शिक्षणासाठी पुन्हा अमेरिकेत पोहोचला होता. त्याच्याकडे आता वळू, पण दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने.

दुसरा प्रश्न : पैसे कोण देणार?

तो मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद हे गोव्यातून घर सोडून बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी देशोदेशी हिंडलेले पंडित. त्यांच्या हाती पैसा कधीच नव्हता. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे म्हणून त्यांना महिना पन्नास रुपये वेतन देऊ करणारे होते आपले सयाजीराव महाराज. 1910 साली धर्मानंद पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले आणि 1918 मध्ये दुसऱ्यांदा जाताना मुलांना बरोबर घेऊन गेले. दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकला. शालेय गुण इतके चांगले की त्याला हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेतून सूट मिळाली. 1929 साली तो सर्वोच्च सन्मानाने पदवीधर झाला. पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून ते नाव जगभर गेले.

महाराजांना अमेरिकेचे आकर्षण होते, ते नुसते पाहुण्याचे नव्हे. तिथली ग्रंथालये पाहून त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला 1910 साली बडोद्यास आणवले आणि संस्थानात गावोगाव वाचनालये उभी केली. त्यांचे स्वतःचे चिरंजीव जयसिंगराव हार्वर्डला शिकले. आणि 1913 साली त्याच खजिन्यातून लष्करातल्या एका महार सुभेदाराच्या मुलाला अमेरिकेला पाठवले गेले.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. होऊन गेले होते, तेव्हा ते पदव्युत्तर विद्यार्थी. तरी त्यांचा कागद पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दुसरा आणि तिसरा प्रश्न एकाच दोरीने बांधलेला आहे. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिकून आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी. असा करार 4 जून 1913 रोजी झाला. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि 1915 मध्ये एम.ए. झाले.

आज राजा नाही. पैशांचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे, कारण पदवीच्या चार वर्षांचा खर्च बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. परदेशी मुलाची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी आणि मग लागेल तेवढे साहाय्य देणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., अ‍ॅमहर्स्ट यांसारखी मोजकीच विद्यापीठे आहेत. बाकी ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होऊ शकते. हे आधी समजून घेतले, तर राहते घर गहाण टाकण्याची वेळ येत नाही.

तिसरा प्रश्न : परत येणार का?

आनंदीबाईंना व्हिसा लागला नाही. बोटीचे तिकीट पुरले. 1917 च्या अमेरिकन कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना प्रवेशबंदी केली, पण विद्यार्थ्यांना वगळले. 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला. 1924 च्या कायद्याने विद्यार्थ्याला वकिलातीतून व्हिसा घेऊन, मान्यताप्राप्त संस्थेत शिकण्यापुरते येता येऊ लागले. 1952 च्या कायद्याने आजची चौकट पक्की केली. मायदेशी आपले घर आहे आणि ते सोडण्याचा इरादा नाही, हे विद्यार्थ्याने पटवून द्यायचे. खिडकीपलीकडचा अधिकारी दोन मिनिटांत जे ताडू पाहतो, ते हेच.

आनंदीबाईंनी शब्द पाळला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने खंगलेल्या त्या 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत त्या घराच्या कुटुंबात विसावल्या.

आंबेडकरांनीही शब्द पाळला. करारानुसार ते 1917 साली बडोद्याला आले. इथून पुढचे पान आपले आहे. स्टेशनवर उतरलेल्या या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला हिंदूंच्या खाणावळीत जागा नव्हती. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोघांनी अडचण सांगितली. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत, म्हणजे आपण मुलांना घेऊन जातो त्या सयाजीबागेत, बसून राहिले. तिथली जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुढे त्यांनी हा प्रसंग लिहिला, त्या आठवणींचे शीर्षक आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. साता समुद्रांपलीकडच्या शहराने ज्याला वर्गात शेजारी बसवले, त्याला आपल्या शहराने एक खोली दिली नाही. 1952 साली कोलंबियाने त्यांना मानद पदवी देऊन पुन्हा बोलावले.

महाराजांनी पैसे दिले याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण शिष्यवृत्ती दरबार देतो, राहायला जागा शेजारी देतात. त्या शेजाऱ्यांत मराठी घरे नव्हती असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

म्हणून तिसरा प्रश्न केवळ मुलाला विचारून भागत नाही. आपली मुले परत येत नाहीत अशी खंत मांडवात रोज ऐकू येते. आम्ही ती खोटी मानत नाही. पण आपण सगळे कोण? अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेमागून आणि पुढे दरबारच्या नोकरीसाठी साताऱ्या-पुण्याकडून, कोकणातून निघालेल्यांचे वंशज. 'चार वर्षांत परततो' असे आपल्याही पणजोबांनी कोणाला तरी सांगितले असेल. ते परतले नाहीत. त्यांनी दांडिया बाजारात घरे बांधली, गुजराती शिकले आणि गणपती इथे बसवला. तेव्हा परतणे म्हणजे काय, हे मुलांना शिकवण्याआधी आपण आपल्याला विचारावे. परतलेल्याला इथे जागा आहे का, मग तो कोणत्याही आळीतून निघालेला असो, आणि न परतलेल्याशी नाते धरून ठेवायची आपली तयारी आहे का?

साधारणपणे नोव्हेंबर आणि जानेवारीच्या आरंभी बहुतेक अर्जांच्या मुदती संपतात. म्हणजे विसर्जन झाले, की आपल्या काही घरांत लेखणी हातात घेतली जाईल. ज्यांची मुले अर्ज भरणार आहेत त्यांनी आनंदीबाईंचे ते पत्र मुलांना जरूर वाचून दाखवावे. आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना सयाजीबागेतून चालवत न्यावे, संकल्पभूमीपाशी थोडे थांबावे. निबंधात काय लिहायचे, ते मग मुलांनाच सुचेल.