ॲलिसनं न दिलेली साक्ष

नोव्हेंबर 1925. न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सच्या न्यायालयात ॲलिस जोन्स या तरुणीला अंगावरचे कपडे उतरवून ज्यूरीला आपली कातडी दाखवावी लागली. नवरा लिओनार्ड ऱ्हाइनलँडर गर्भश्रीमंत गोऱ्या घराण्यातला, ती मोलकरणीचं काम केलेली. 1924 मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढे नवऱ्याच्या नावानं दावा दाखल झाला, की हिनं आपलं कृष्णवंशीय असणं लपवलं, सबब विवाह रद्द करावा. न्यूयॉर्कमध्ये असं लग्न बेकायदा नव्हतंच; म्हणून भांडण फसवणुकीवर आलं. तिचा वर्ण नवऱ्यानं लग्नाआधीच पाहिला होता, हे सिद्ध करायला तिच्याच वकिलानं तिला ज्यूरीपुढे उभं केलं. गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं निकाल तिच्या बाजूनं दिला. साऱ्या खटल्यात ॲलिसनं मात्र साक्ष दिली नाही.

इंग्रजी शिकवताना मी हा खटला आधी सांगत असे, आणि मग नेला लार्सनची ‘पासिंग’ ही 1929 ची कादंबरी मुलींच्या हाती देत असे. लार्सनची आई डॅनिश आणि वडील कॅरिबियन बेटांवरचे कृष्णवंशीय. तिनं परिचारिका म्हणून आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवंशीयांच्या वस्तीतल्या ग्रंथालयात काम केलं होतं. ऱ्हाइनलँडर खटल्याचा उल्लेखही तिच्या कादंबरीत येतो.

या कादंबरीतली क्लेअर कृष्णवंशीय असून गोरी म्हणून वावरते (हेच ‘पासिंग’) आणि वर्णद्वेष्ट्या श्रीमंत बेल्यूची बायको होते. ॲलिसवर ज्याचा आरोप झाला, ते क्लेअरनं खरोखरच केलेलं असतं. मूल काळं निपजलं तर, या धास्तीत तिनं गरोदरपणाचे नऊ महिने काढले. पुन्हा मूल नको, असं ती ठामपणे सांगते. न्यायालयाच्या कागदांत ही धास्ती सापडत नाही.

“मॅडम, तिनं नवऱ्याला सांगून का टाकलं नाही?” असं मुली विचारत. मी ॲलिसकडे बोट दाखवी. लपवलं नाही तरी जिला कपडे उतरवावे लागले, तिच्याकडे पाहून क्लेअरनं कोणत्या धीरानं बोलायचं?

क्लेअरची मैत्रीण आयरीन मला जास्त अस्वस्थ करते. ती हार्लेममधल्या डॉक्टरची बायको, दोन मुलांची आई. वर्णद्वेषाला विटलेल्या नवऱ्याला ब्राझीलला जायचं असतं. तिला घर, मान आणि सुरक्षितता सोडवत नाही. क्लेअर आपला संसार मोडेल, या भयानं आयरीन तिच्या जिवावर उठण्याइतकी कठोर होते. शेवटी क्लेअर खिडकीतून पडते. आयरीननं तिला ढकललं का, हे लार्सन सांगत नाही.

हा विषय हाताळणारी लार्सन एकटी नव्हती. जेम्स वेल्डन जॉन्सननं 1912 मध्ये निनावी छापलेल्या कादंबरीचा नायकही गोरा म्हणून जगतो. तो मात्र लग्नाआधी प्रेयसीला सत्य सांगतो. कायद्याकडे पाहिलं, तर 1924 मध्ये व्हर्जिनिया राज्यानं गोऱ्यांची व्याख्या आणखी आवळून मिश्र विवाहांवरची बंदी कडक केली होती.

लग्नाच्या या कुंपणाचं आपल्याशीही नातं आहे. हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात डॉ. आंबेडकर शिकले. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं त्यांनी 1936 मध्ये आपल्या संदर्भात लिहिलं. कुंपण कुठे राखलं जातं, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. स्थळं पाहताना आजही जात आणि गोरा रंग विचारणाऱ्या प्रत्येक मराठी घरानं ‘पासिंग’ वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिश्रवर्णीय विवाहांवरची बंदी 1967 मध्ये रद्द केली. नेला लार्सन 1964 मध्येच वारली होती.