उकिरड्याचें पुनरागमन

ज्या काळीं धायरी हें सिंहगडाच्या वाटेवरील शेतकऱ्यांचें गांव होतें, त्या काळीं दख्खनच्या इतर गांवांप्रमाणेंच तेथेंही घरचा कचरा गांवाबाहेर धाडण्याचा प्रश्न नव्हता. चुलीची राख, गोठ्यांतील शेण, परसांतील पालापाचोळा हें सर्व उकिरड्यावर पडे व पावसाळ्यापूर्वीं गाड्या भरून शेतांत जाई. उकिरडा ही शेतकऱ्याची पेढीच होती.

त्या पेढींत तोटाही होई. उघड्यावरील खताचें सत्त्व उन्हानें उडे, पावसानें वाहून जाई. पुष्कळसें शेण गोवऱ्या होऊन जळे. हा तोटा थांबविण्याचा शास्त्रीय प्रयत्न होळकरांच्या इंदुरांत झाला. तेथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचले. ओलावा राखून ते वेळोवेळीं उलथले, आणि सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करून दाखविलें. १९३१ सालीं दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व इंदूरची पद्धत परदेशींच्या मळ्यांतही पोंचली. तिचें मर्म साधें होतें: कुजविण्याचें काम सूक्ष्म जंतु करतात, त्यांस हवा व ओल हवी. हवा कोंडली कीं दुर्गंधि सुटते.

पुणें शहरानें नेमकें उलट केलें. सर्व कचरा एकत्र मिसळला आणि प्रथम कोथरूडास, पुढें उरुळी देवाचीस नेऊन त्याचे डोंगर रचले. झिरपलेल्या घाण पाण्यानें तेथील विहिरी नासल्या. २०१७ च्या एप्रिलांत तेथें आग लागली, तेव्हां ग्रामस्थांनीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. त्याच वर्षीं धायरी गांवाचा उरलेला भाग व उरुळी देवाची हें गांव एकदमच महानगरपालिकेंत आलें. एक कचरा धाडणारें, दुसरें तो सोसणारें!

ओला व सुका कचरा घरींच वेगळा करण्याचें बंधन २०१६ च्या नियमांनीं घातलें होतें. परंतु नियमापेक्षां जुनी संवय अधिक उपयोगी पडते. सज्जांतील भोकें पाडलेल्या पिंपांत भाजीच्या देंठांवर तेवढाच सुका पाला पसरावा, मूठभर जुनें खत टाकावें, आठवड्यांतून एकदां ढवळावें. कांहीं महिन्यांत त्याची काळी, सुवासिक माती होते. धायरीच्या उंच इमारतींत उकिरडा असा परत आला, तर जितका कचरा त्यांत मुरेल, तितका भार दुसऱ्या गांवच्या विहिरीवरून उतरेल.