मराठींतील पहिले अर्थशास्त्रग्रंथ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. त्यापूर्वींच मराठींत अर्थशास्त्रावर पुस्तकें निघालीं होतीं, ही गोष्ट पुष्कळ श्रोत्यांस एकदम खरी वाटणार नाहीं. रामकृष्ण विश्वनाथ यांनीं हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीचा विचार करणारा ग्रंथ १८४३ मध्यें लिहिला. पण त्याला पाठ्यपुस्तक म्हणतां येत नाहीं. विद्यार्थ्यानें पुढ्यांत घेऊन शास्त्राचीं मूलतत्त्वें शिकावींत अशा बेताचें पुस्तक १८५४ सालीं आलें. तें हरि केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांचें 'देशव्यवहारव्यवस्था'. हरि केशवजी पन्नाशीचे, भाषांतराच्या कामांत मुरलेले. मंडलिक अवघे एकवीस वर्षांचे. पुढें कायदेपंडित म्हणून गाजलेले रावसाहेब मंडलिक ते हेच.

दुसऱ्याच वर्षीं पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मिल्लच्या ग्रंथाच्या आधारें 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिली. नांवांतच परिभाषा आहे, आणि खरी अडचण तीच होती. पेढीवरची भाषा मराठींत भरपूर होती: मुद्दल, व्याज, हुंडी, भांडवल, नफा, तोटा. सावकाराच्या गुमास्त्याचें तेवढ्यावर चाले. परंतु भांडवल नेमकें कोणत्या संपत्तीस म्हणावें, वस्तूच्या उपयोगाचें मोल आणि बाजारांतली किंमत यांत भेद कोणता, हें काटेकोरपणें सांगावयाचें तर रोजच्या शब्दाला नवी मर्यादा घालावी लागते. भाषांतर हें दुय्यम काम समजणारांनीं एकदां असें एक पान उतरवून पाहावें!

खुद्द शास्त्राच्या नांवाचाच निकाल पाहा. 'देशव्यवहारव्यवस्था' हें नांव मागें पडलें, 'अर्थशास्त्र' टिकलें. तें कौटिल्याच्या ग्रंथावरून उचललें असावें असें सहज वाटतें; पण तो ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं छापून प्रसिद्ध केला १९०९ सालीं. कृष्णशास्त्र्यांपुढें त्याची पोथी नव्हती. जुन्या संस्कृत वाङ्मयांतला तेवढा शब्द होता.

इतकी तयारी असून पुढची पिढी या वाटेनें गेली नाहीं. विद्यापीठ आलें तें इंग्रजी घेऊन. प्रवेशपरीक्षेच्या वरच्या परीक्षांतून मराठी १८६० नंतरच्या कांहीं वर्षांतच गेली. परीक्षेंत ज्याचा उपयोग नाहीं तें पुस्तक घेणार कोण, आणि दुसरें लिहिणार कोण? न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदुस्थानच्या अर्थकारणावर व्याख्यान दिलें. परदेशी सिद्धांत या देशास जसेच्या तसे लागू पडत नाहींत, असा त्यांचा रोख होता. आणि तें व्याख्यान झालें इंग्रजींत. सारा भरणाऱ्या कुणब्याचा प्रश्न, पण त्याच्या भाषेंत नाहीं! याचा दोष रानड्यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. विद्यापीठांत मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून अखेरपर्यंत झटले ते तेच. १९०१ च्या जानेवारींत ते निवर्तले. त्यांच्या खटपटीचें फळ म्हणून एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीला स्थान मिळालें. पण ती तेथें भाषा म्हणून आली. अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजींतच राहिली.