कॅन्सरच्या उपचारात ‘पडून राहा’ हा सल्ला मागे कसा पडला?

कॅन्सरचे उपचार सुरू झाले की घरातलं वातावरण बदलतं. पाण्याचा तांब्या हातात आणून दिला जातो, भाजीची पिशवी कोणी उचलू देत नाही, जिना चढायला बंदी होते. “तू फक्त आराम कर” हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. यामागे माया असते. पण गेल्या चाळीस वर्षांतल्या संशोधनाने वेगळीच गोष्ट दाखवली आहे. डॉक्टरांचं मत कसं बदलत गेलं, हे समजलं तर पुढच्या केमोच्या वेळी तुम्हालाही त्याचा उपयोग होईल.

विश्रांती हेच औषध

विश्रांतीवरचा विश्वास जुना आहे. लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांचं विश्रांती आणि वेदना या विषयावरचं पुस्तक १८६३ साली आलं आणि पुढे अनेक वर्षं ते प्रमाण मानलं गेलं. क्षयरोगावर औषध नव्हतं, तेव्हा सॅनेटोरियममध्ये रुग्णांना महिनोन्‌महिने झोपवून ठेवत. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या इंग्लिश डॉक्टरांनी लेख लिहून इशारा दिला की अंथरुणाचेही धोके असतात: रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया, ठिसूळ होणारी हाडं, पाठीवरच्या जखमा. पण हा धोका नेमका केवढा?

त्याचं उत्तर १९६६ साली अमेरिकेतल्या डल्लास शहरात मिळालं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. पूर्ण जोर लावल्यावर शरीर एका मिनिटात किती ऑक्सिजन वापरू शकतं, यावरून आपली दमखम मोजतात. तीन आठवड्यांत ती पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. पन्नाशीतसुद्धा त्यांची क्षमता, विशीत तीन आठवडे झोपून राहिल्यावर झाली होती तितकी खाली गेलेली नव्हती!

ही निरोगी मुलं होती. मग आजाराने आणि औषधांनी आधीच थकलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार करा.

परिचारिकांनी केलेला प्रयोग

कॅन्सरच्या बाबतीत हा प्रश्न नेटाने हाती घेतला तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या संशोधक परिचारिकांनी. मेरी मॅकव्हिकर आणि मॅरिल विनिंगहॅम ही त्यांची नावं. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी चालू असलेल्या ४५ स्त्रियांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटाने आठवड्यातून तीनदा, असे दहा आठवडे, जागेवरची सायकल चालवली. दुसऱ्या गटाने फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. तिसऱ्या गटाचा दिनक्रम नेहमीसारखाच राहिला.

१९८९ साली निष्कर्ष छापून आले. केमो चालू असतानाही सायकल चालवणाऱ्या स्त्रियांची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली होती. त्याच्या आदल्या वर्षी याच संशोधकांनी दाखवलं होतं की व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना मळमळही कमी जाणवते.

पलंगावरची सायकल

पण ज्यांना पलंगावरून उठणंही कठीण, त्यांचं काय? जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे फर्नांडो दिमेओ आणि सहकाऱ्यांनी असेच रुग्ण निवडले. मोठ्या मात्रेची केमो आणि त्यानंतर स्वतःच्याच मूळ पेशी परत देण्याचा उपचार घेणारे हे ७० जण होते. त्यातल्या काहींनी आडवं पडूनच पायाने फिरवायची सायकल रोज अर्धा तास चालवली. एक मिनिट चालवायची, एक मिनिट थांबायचं.

१९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. घरी जाताना सगळ्यांचीच ताकद कमी झाली होती, पण व्यायाम न करणाऱ्यांची घट जास्त होती. व्यायाम करणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असण्याचे दिवस घटले, वेदना कमी राहिल्या आणि हॉस्पिटलमधून सुट्टीही लवकर मिळाली.

असं का होतं?

दिवसभर राबल्यावर येणारा थकवा झोपेने जातो. कॅन्सरचा थकवा वेगळा असतो, रात्रभर झोपूनही तो उरतो. म्हणून माणूस आणखी पडून राहतो. स्नायू झिजतात, हृदयाची सवय मोडते, मग बाथरूमपर्यंत जायलाही धाप लागते आणि तो पुन्हा आडवा होतो. हे चक्र विश्रांतीने तुटत नाही, हालचालीने तुटतं.

२०१० साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने कॅन्सरच्या रुग्णांना स्पष्ट सांगितलं की निष्क्रिय राहू नका. २०२२ मध्ये तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने, बरं करण्यासाठीचे उपचार चालू असतानाही व्यायामाची शिफारस केली. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमो संपल्यावर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जण पाच वर्षांनी आजारमुक्त होते. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होतं.

तुम्ही काय कराल?

आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, “मी किती आणि कोणता व्यायाम करू?” परवानगी मिळाली की घरातल्या घरात किंवा अंगणात दहा मिनिटं चाला. खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच-सहा वेळा उठा-बसा. चालताना बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवा. जमेल तसं हळूहळू वाढवा.

ताप, छातीत दुखणं, चक्कर, बसल्या जागी धाप किंवा कुठूनही रक्तस्राव असेल तर व्यायाम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार कमी असतील, कॅन्सर हाडात पसरला असेल किंवा तळपाय बधिर झाले असतील, तर स्वतःच्या मनाने काहीही सुरू करू नका.

व्यायाम हा केमोला पर्याय नाही. केमोनंतरचे दोन-तीन दिवस काहीच जमलं नाही, तरी अपराधी वाटून घेऊ नका. चौथ्या दिवशी पुन्हा उठा.

आणि घरच्यांनो, पाण्याचा तांब्या जरूर द्या. पण त्याआधी एकदा विचारा, “चल, स्वयंपाकघरापर्यंत दोघं मिळून जाऊया का?”