काळ्या पाण्याची वाट

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की आपल्या कोलाड-रोहा भागातून अंदमानास जाणाऱ्यांची नावे कानी येऊ लागतात. त्यांत निवृत्त जोडपीच अधिक. मुले मार्गी लागलेली, फंडाचे पैसे हाताशी, गुडघे अद्याप शाबूत. काशी-रामेश्वर झाले असेल तर पुढचा क्रम अंदमानचा. आमच्या घरीही यजमान निवृत्त झाल्यावर हाच बेत ठरला व जानेवारीत आम्ही उभयता जाऊन आलो. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी मजकूर मागितला तेव्हा मात्र प्रवासवर्णन लिहावेसे वाटले नाही. समुद्र निळा होता आणि वाळू पांढरी होती, हे सांगावयास मी कशाला हवी? त्या बेटाच्या इतिहासात महाराष्ट्रातील दोन सुनांचा भाग आहे. तेथील वाटाडे कोठड्यांची मापे सांगतात, पण या दोघींविषयी फारसे बोलत नाहीत. म्हणून हा लेख.

या बेटांची इंग्रजांनी केलेली पहिली नीट पाहणी १७८८-८९ सालची. ती करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर हा मुंबईच्या आरमारातील अधिकारी. त्याने वसवलेली वसाहत पुढे उत्तरेकडे हलवली गेली आणि रोगराईने माणसे मरू लागल्यामुळे १७९६ मध्ये सोडूनच दिली. साठ वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. मग १८५७ चा उठाव झाला, तुरुंग भरले, आणि सरकारला अशी जागा हवी झाली की जेथून पळून जाणे शक्य नाही. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर हा दोनशे कैदी घेऊन तेथे उतरला. काळे पाणी ते येथून सुरू झाले.

जेथे पूर्वी फक्त जंगल होते आणि त्या जंगलाचे मूळ मालक तीरकमठे घेऊन उभे होते, तेथे कैद्यांकडूनच झाडे तोडवून घेतली. समोरच्या रॉस बेटावर साहेबांचे राज्य : बंगले, चर्च, क्लब, टेनिसची पटांगणे, पाव भाजण्याची भट्टी. मडमा संध्याकाळी वाऱ्यावर बसत आणि पलीकडच्या किनाऱ्यावर बेड्या घातलेली माणसे राबत. विश्रांतीसाठी अंदमान ही कल्पना म्हणजे आपल्या काळचा शोध नव्हे, असे तेथे उभे राहिल्यावर माझ्या मनात आले. आज त्या बंगल्यांच्या भिंती वडाच्या मुळांनी गिळल्या आहेत आणि अंगणांतून हरणे हिंडतात.

स्त्री कैदीही तेथे नेल्या जात. त्यांच्यासाठी निराळा तुरुंग होता. काही वर्षे शिक्षा भोगून सुटे राहण्याची मुभा मिळालेल्या पुरुष कैद्यास तेथील स्त्रीशी लग्न करून शेती करता येई. लग्नाला सरकारची परवानगी हवी. जात, प्रांत, भाषा यांचा मेळ बसेल कसा? बंगाल, पंजाब, मद्रास, मुंबई अशा सर्व इलाख्यांतील ही माणसे. त्यांची मुले मोडकीतोडकी हिंदुस्तानी बोलू लागली, आणि तीच त्या बेटाची भाषा झाली. आजही बाजारात मासळीवालीशी बोलताना आपले कोठे अडत नाही, त्याचे मूळ या संसारांत आहे.

सेल्युलर जेल त्यानंतरचा. १८९६ साली काम निघाले आणि १९०६ च्या सुमारास पुरे झाले. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात तिमजली इमारती. एकीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. अशा सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येक साडेतेरा फूट लांब व सात फूट रुंद. आपल्या घरातील देवघर आणि त्यापुढची पडवी एवढाच तो अवकाश. काम काय, तर काथ्यासाठी सोडणे कुटणे आणि कोलू फिरवणे. कोलू म्हणजे आपला तेलघाणा. आपल्याकडे घाण्याला बैल जुंपत, तेथे माणूस जुंपीत, आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढलेच पाहिजे असा दंडक. घाण्याचे ते लाकडी जू तेथे मांडून ठेवले आहे. आमच्याबरोबरच्या एका वयस्क बाई त्यास हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी श्रीवर्धनला घाणा होता.

राजकीय कैद्यांत बंगालची मंडळी सर्वांत अधिक होती, हे येथे आवर्जून सांगते, कारण आपल्याला एकच नाव ठाऊक असते. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीतच गळफास घेतला; उल्हासकर दत्तांना छळाने वेड लागले. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नमोदास हे तिघे मेले. आपल्या रायगड जिल्ह्याचे वासुदेव बळवंत फडके, शिरढोणचे, यांना मात्र अंदमानास न धाडता एडनला धाडले. तेथेच १८८३ साली ते वारले.

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, जपान्यांनी बेटे घेतली. सुभाषबाबूंनी ३० डिसेंबर १९४३ रोजी तेथे तिरंगा फडकवला. पण त्याच दिवसांत जपानी लष्कर हेरगिरीच्या संशयावरून स्थानिक लोकांना मारीत होते. पंधरवड्याच्या आत डॉ. दिवाण सिंग छळामुळे तुरुंगात मरण पावले, आणि ३० जानेवारी १९४४ रोजी ४४ जणांस गोळ्या घालण्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर तुरुंगाच्या काही इमारती पाडून तेथे इस्पितळ उभे राहिले. सातांपैकी तीन उरल्या. त्या १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाल्या. २०१८ मध्ये रॉस, नील आणि हॅवलॉक या बेटांची नावे बदलली आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम झाले.

जाणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. हिवाळाच बरा, कारण तेथे दोन पावसाळे; आपला संपला की दुसरा लागतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. घड्याळ आपलेच, सूर्य मात्र कोलाडपेक्षा सव्वा तासाने पुढे. थंडीच्या दिवसांत पाच वाजता दिवे लावण्याची वेळ होते. जे पाहावयाचे ते सकाळी पाहावे. आणि मोठ्या रस्त्याने जाताना जारवा लोक दिसले तर छायाचित्र काढू नये. कायद्याने बंदी आहे, पण कायदा नसता तरी आपल्या दारात येऊन कोणी आपले असे चित्र काढलेले आपल्याला रुचेल काय?

आता त्या दोघींविषयी. थोरल्या यशोदाबाई, म्हणजे बाबाराव सावरकरांच्या पत्नी. घरात त्यांना येसूवहिनी म्हणत. धाकट्या यमुनाबाई, जव्हारच्या चिपळूणकरांच्या कन्या, विनायकरावांच्या पत्नी, त्या माई. सावरकरांचे अर्ज व पुढील राजकारण यांवरून आपल्याकडे वाद आहेत, ते या लेखाचा विषय नव्हेत. येसूवहिनींनी नाशकात आत्मनिष्ठ युवती संघ चालवला होता. आपल्या मंडळासारखेच ते बायकांचे मंडळ, फक्त हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्वदेशीची चर्चा करणारे. १९०९ साली बाबारावांना जन्मठेप झाली, घरावर जप्ती आली. विनायकरावांनी लंडनहून वहिनीला लिहिलेली ‘सांत्वन’ ही कविता त्याच वेळची. स्वतः विनायकरावही ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ बोटीने अंदमानात पोहोचले. दोघे भाऊ एकाच तुरुंगात, पण भेटू द्यावयाचे नाही. घरी पत्र वर्षातून एक.

तेव्हा नाशकातल्या बाईला अंदमान किती लांब होते, याचा विचार करा. कलकत्ता किंवा मद्रासपर्यंत आगगाडी, पुढे बोटीचे दिवस, आणि या सर्वांआधी सरकारचा कागद. समुद्र ओलांडणे हेच पाप मानणारे शेजारी निराळे. नवरा जिवंत असून सहवास नाही, कुंकू आहे पण संसार नाही, ज्याच्या घरी राहावे त्याच्यावर पोलिसांची नजर. अशी दहा वर्षे येसूवहिनींनी काढली. नवऱ्याला भेटण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९१९ मध्ये त्या गेल्या. भेट झाली नाही.

त्याच वर्षी धाकटे दीर डॉ. नारायणराव माईंना घेऊन अंदमानास गेले. भेटीसाठी बाहेर आलेल्या बाबारावांनी पाहिले, तर भाऊ होता, भावजय होती, आपली पत्नी नव्हती. ती वारल्याचे त्यांना तेथे कळले. माईंना ही बातमी मनात बाळगून चार दिवसांची बोट काढावी लागली असेल. आणि ज्याला आठ वर्षांनी पाहावयाचे तो आपला नवराही त्याच दारातून येणार. आम्ही चेन्नईहून विमानाने दोन तासांत पोहोचलो, खिडकीपाशी कोणी बसावे यावरून आमचा थोडा वाद झाला, हे नंतर आठवून मला ओशाळल्यासारखे झाले.

१९२१ मध्ये दोघा भावांना हिंदुस्थानात परत आणले. बाबाराव १९२२ मध्ये सुटले ते रित्या घरी. विनायकरावांना जानेवारी १९२४ मध्ये सोडले, तेही रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही या अटीवर. माई तेथे गेल्या. १९०१ साली लग्न झालेले, १९०६ साली नवरा विलायतेस गेलेला. अठरा वर्षांनी रत्नागिरीत चूल मांडली, आणि १९२५ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव प्रभात ठेवले.